सुती आहे का?

गोधडी शिवणाऱ्या बाईला लोक हमखास विचारतात, "सुरुवात कुठून करता?" त्यांना वाटतं, मी कोपऱ्याबद्दल किंवा मध्याबद्दल काहीतरी कलात्मक बोलेन. खरं सांगायचं तर सुरुवात जिन्यापासून होते. बोहारणीची हाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली, की ती ज्या जिन्याशी टोपली उतरवणार तिथं तिच्याआधी पोचायचं. बोहारीण चपळ असते आणि माझे गुडघे साठीतले आहेत. तिच्या टोपलीत चकचकीत डबे, पातेली, झारे. माझ्याकडे द्यायला फक्त "चार महिन्यांनी याची किती छान गोधडी होते बघा" हे आश्वासन. मंचेरियलच्या आमच्या गल्लीतल्या कितीतरी धुवट, मऊ, गोधडीसाठीच जन्मलेल्या सुती साड्या अशा स्टीलच्या वाट्यांत बुडाल्या. त्या वाट्यांत मला चटणी वाढली जाते तेव्हा घास उतरत नाही.

मी माहेरची चंद्रपूरची. लग्न झालं, गाडीत बसले, बल्लारशाह मागं पडलं आणि पुढं जे उतरवलं ते मंचेरियलला. सासरचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलणारं. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे गेले, आम्ही राहिलो इथंच, गोदावरीच्या काठावर. मग 2014 मध्ये घर न हलवता आमचं राज्य बदललं, तेलंगणा झालं, आणि 2016 च्या दसऱ्याला जिल्हाही बदलला. एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, कोमरम भीम आसिफाबाद आणि आमचं मंचेरियल. चंद्रपूरचे नातेवाईक अजूनही पार्सलवर जुनाच जिल्हा घालतात. पोस्टमन बिचारा समजून घेतो. तुकडे पाडायला सरकारला एक मुहूर्त पुरला. जोडायला किती लागतो ते मला विचारा.

शिवायला शिकवलं सासूबाईंनी. शिकवलं म्हणजे काय, मी टाके घातले आणि त्यांनी उसवले. गोधडी जमिनीवरच मांडायची, हा त्यांचा पहिला नियम. खाली धड असलेलं लुगडं अस्तराला, त्यावर विरलेल्या साड्या-धोतरांचे थर, वर तुकड्यांची मांडणी. हाताने सगळ्या सुरकुत्या बाहेर ढकलायच्या, मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर जागच्या जागी धरायचे आणि मग काठाकाठानं धावदोरा घालत आत-आत सरकायचं. ओळींमध्ये अंतर एका बोटाचं. सासूबाईंचं बोट बारीक होतं, माझं नाही. त्यामुळे त्यांच्या गोधड्या दाट आणि माझ्या ऐसपैस. धावदोऱ्यासारखा सोपा टाका शिवणकामात दुसरा नाही. शाळेतल्या मुलीला पाच मिनिटांत येतो. तोच टाका सहा फूट लांबीवर, पाच थरांतून, सरळ रेषेत घालायचा म्हटलं की माणसाला स्वतःच्या स्वभावाची ओळख पटते. माझी रेष डावीकडे झुकते. घरात राजकीय चर्चा होते तेव्हा हे त्याचा उल्लेख करतात.

पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं की ही काठाकडून आत जायची रीत आमच्याच घरची नाही. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि तीही काठापासून मध्यापर्यंत अशीच शिवत नेतात. चारही कोपऱ्यांना त्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडी दिसते म्हणे. हे वाचल्यापासून मीही कोपऱ्यांना फुलं लावायला लागले. बंगालच्या कांथ्याचं पाहा, टाका तोच, धावदोरा. पण त्यांनी त्यातून मासे, हत्ती, पालख्या काढल्या आणि कांथा शोरूमच्या काचेत जाऊन बसला. आमची गोधडी गादीखाली गेली. यात कलेचा दोष नाही, आपण मराठी माणसांनी गोधडी पाहुण्यांपासून लपवली. पाहुणे आले की कपाटातून चादर निघते आणि गोधडी पलंगाखाली ढकलली जाते. पाहुण्यांनाही घरी जाऊन गोधडीच पांघरायची असते, तरी.

आता उन्हाळ्याबद्दल. गोधडी शिवायची उन्हाळ्यात. शेतं मोकळी, मुलांना सुट्ट्या, बायकांना दुपार सापडते, म्हणून गावोगाव हा हंगाम ठरून गेला. ज्यांनी तो ठरवला ते मे महिन्यात मंचेरियलला आलेले नसावेत. पारा पंचेचाळीसच्या आसपास, आजूबाजूला सिंगरेणीच्या कोळसा खाणी, नदीपलीकडे रामगुंडमचं वीज केंद्र, आणि या सगळ्याच्या मधोमध मी मांडीवर पाच थरांची गोधडी घेऊन बसलेली. कूलर लावला तर तुकडे उडतात, बंद केला तर मी. मधला मार्ग म्हणून प्रत्येक तुकड्यावर डाळीच्या पेल्यापासून खलबत्त्याच्या बत्त्यापर्यंत काहीही ठेवावं लागतं. जेवणाच्या वेळी हे "वाटी कुठं आहे?" विचारतात तेव्हा मी म्हणते, "हिरव्या तुकड्यावर."

कोळशाचा आमच्या रंगसंगतीवरही हक्क आहे. धुतलेली साडी गच्चीवर वाळत घातली आणि वारा उघड्या खाणींच्या दिशेनं आला, की संध्याकाळपर्यंत पांढऱ्याचा राखी होतो. पुण्याची एक मैत्रीण माझ्या गोधड्यांतल्या राखी रंगाचं फार कौतुक करते. हा शेड कुठून मिळवता, म्हणते. मी सांगते, खाणीतून. तिला तो विनोद वाटतो.

आणि एवढं करून गोधडी मागायला लोक येतात कधी? डिसेंबरात. आदिलाबादकडची थंडी ही साऱ्या तेलंगणात नाव काढलेली थंडी. ती उतरली की माणसं दारात उभी. "उद्यापर्यंत होईल ना?"

या धंद्याचा खरा शत्रू मात्र बोहारीण नाही, थंडी नाही, कोळसाही नाही. पॉलिस्टर आहे. 2017 पासून काही वर्षं राज्य सरकारनं बतुकम्माच्या सणाला बायकांना साड्या वाटल्या, बहुतेक सिरसिल्लाच्या यंत्रमागांवर विणलेल्या. मागवाल्यांना काम मिळालं, बायकांना साडी मिळाली, चांगलंच झालं. पण त्या पॉलिस्टरच्या. सणाला अख्खी गल्ली फुलांभोवती फेर धरते तेव्हा फार देखणी दिसते. माझी अडचण सुरू होते त्या साड्या निवृत्त व्हायला लागल्यावर. घरोघरच्या त्याच त्या साड्या गाठोड्यांतून माझ्याकडे चालत येतात. पॉलिस्टरला घाम टिपता येत नाही, घडी धरता येत नाही, थरावर थर ठेवला की वरचा खालच्याला सोडून पळतो. शिवाय ती साडी विरत नाही. सुती साडी वर्षानुवर्षं धुतली की मऊ होते, हार मानते, गोधडीत यायला तयार होते. पॉलिस्टर शेवटपर्यंत नवीनच.

समोरच्या घरची बाई मला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणते. आमचं बोलणं तेलुगूत चालतं आणि वाद हिंदीत. परवा ती एक साडी घेऊन आली. "वदिना, पक्कं कॉटन आहे."

"कोण म्हणालं?"

"दुकानदार."

"कधी?"

"लग्नात घेतली तेव्हा."

अशा वेळी पुरावा एकच. पदराच्या टोकाचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सुती असेल तर चटकन जळतो, जळक्या कागदाचा वास येतो, हलकी राख पडते. पॉलिस्टर असेल तर वितळतो आणि टोकाला टणक मणी धरतो. मी काडी ओढली. मणी झाला. लग्नातल्या साडीला आग लावणारी वदिना तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी. ती बराच वेळ त्या मण्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "दुकानदार आता नाही." मी म्हटलं, "साडी मात्र अजून शंभर वर्षं राहील."

साडी सुती निघाली म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. तिच्याबरोबर माणसं येतात. गेल्या वर्षी तीन बहिणी एका आईची पाच लुगडी घेऊन आल्या. एकच गोधडी हवी होती. थोरलीला आईचा हिरवा पदर मधोमध हवा. मधलीचं म्हणणं, हिरवं लुगडं आई फक्त लग्नकार्याला नेसायची, आईची खरी ओळख म्हणजे जांभळं, स्वयंपाकघरातलं. धाकटी आधी काहीच बोलली नाही, मग हळूच म्हणाली की जांभळं लुगडं आईनं तिला द्यायचं कबूल केलं होतं. पुढचा तासभर मी सुई हातात धरून एका कुटुंबाचा इतिहास ऐकला. त्यात जमीन होती, मंगळसूत्र होतं, एक म्हैसही होती. शेवटी मी गोधडी शिवली ती अशी की कुठूनही पाहिली तरी प्रत्येकीला आपलं लुगडं जास्त दिसावं. गोधडी नेऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तिघींचे वेगवेगळे फोन. ती कोणाकडे राहावी, हे मी सांगावं अशी तिघींची इच्छा. गोधडी शिवणाऱ्या बाईला वकिलाची फी का नाही, हे मला समजलेलं नाही.

पुरुषांचे कपडे आणतात तेव्हा गोष्टी कमी आणि खिसे जास्त. खिशात जुनी तिकिटं, किराण्याच्या चिठ्ठ्या, गुटख्याची पुडी. पुडी निघाली की मी शर्ट परत देते आणि ती बायकोच्या हातात देते. समाजसेवा म्हणतात ती हीच. आमच्या ह्यांची धोतरं नाहीत, लुंग्या आहेत. त्या कपाटाच्या वरच्या खणात कुलूप लावून ठेवतात. मी त्यांच्या लुंगीवर नजर ठेवून असते, असा उगाच बोभाटा. मी फक्त एकदा विचारलं होतं, "ही निळी अजून किती दिवस नेसणार?"

रोजचं काम संध्याकाळी, मालिका बघता बघता. यात सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे सुई हरवणं. "सुई!" एवढं मी म्हटलं की घर गोठतं. मांडीवर असलेला चहा मांडीवर, जमिनीवर असलेला पाय हवेत. हे जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक घेऊन फरशीवर ओणवे फिरतात. आमच्या संसारातला तो सर्वात शांत वेळ. सुई बहुतेक माझ्या पदरालाच सापडते, पण ते मी लगेच सांगत नाही. चुंबक फिरलं की पलंगाखालचा कचराही निघतो.

आता पैशाचं. किंमत विचारतात, "एंत?" मी सांगते. "इंता!" एवढी! दोन शब्दांत तेलुगूत सबंध व्यवहार मोडतो. मग पुढचं वाक्य मराठी, तेलुगू, हिंदी कुठल्याही भाषेत तेच: "जुन्याच साड्यांची तर आहे!" साड्या जुन्या आहेत हो, पण बोटं नवी मिळत नाहीत. अंगुस्तान घालूनही मधलं बोट चाळणीच्या लायकीचं झालंय.

थंडीत रस्त्याकडेला ब्लँकेटवाले बसतात. माल पानिपतचा. तिथं देशोदेशींचे टाकलेले लोकरी कपडेही जातात, त्यांचं पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणतात. मराठी माणसाचा पानिपतावर 1761 साली एकदा निकाल लागला, आता गोधडीचा दरसाल लागतो. त्या मखमली ब्लँकेटांवर भलामोठा वाघ छापलेला असतो. आमच्या जिल्ह्यातल्या जन्नारमजवळ कव्वालचा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं वाघ दिसायला नशीब लागतं, ब्लँकेटवर हमखास दिसतो. गिऱ्हाईक वाघ घेऊन जातं.

हैदराबादला नोकरी करणारी भाची मला धीर देते. तिनं अमेरिकेतल्या अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या खेड्याची गोष्ट सांगितली. तिथल्या काळ्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयानं त्या भिंतीवर टांगल्या, तिथून त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवरही आल्या. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलंय, हेही तिनंच सांगितलं. हे सगळं ऐकून माझी मान ताठ झाली. ह्यांनी शांतपणे विचारलं, "भिंतीवर टांगली तर पांघरायचं काय?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. माझं मत विचाराल तर गोधडी भिंतीवरही जावी आणि अंगावरही, फक्त गादीखाली जाऊ नये.

तेव्हा वाचकहो, कपाट आवरायला काढाल तेव्हा जुन्या सुती साड्या, धोतरं, नऊवारी बाजूला काढा. एक धागा जाळून बघा. राख झाली तर स्वच्छ धुवा, खळ देऊ नका, पदरातल्या सेफ्टी पिना तेवढ्या आठवणीनं काढा आणि तुमच्या गावात गोधडी शिवणारी जी बाई असेल तिच्याकडे नेऊन द्या. ती सांगेल ती किंमत द्या, "जुन्याच साड्यांची तर आहे" म्हणू नका. मणी झाला तर बोहारणीला बोलवा आणि चांगला मोठा डबा मागा.