धन्याला जपणारा

शिवाजी पेठेत फुटबॉलचे जाणकार गल्लीगणिक मिळतात. पोटातल्या जंतांचा जाणकार मात्र एकच, आमचे आप्पा. जनावरांच्या दवाखान्यात उभी हयात गेली. तालमीचा संघ हरला की बाकीचे पंचाला शिव्या घालतात, आप्पा निवृत्ती चौकात शांतपणे सांगतात, "पोरांस्नी जंत झाल्यात."

शेळी दिसली की आप्पा तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघतात. लाल असली तर शेळी सुटते, पांढरीफटक असली तर मालक सापडतो. "हिमॉन्कस! चौथ्या पोटात बसून रगत पितोय. एक जंत दिसाला थेंबभर. हजार जंत म्हंजे ५० मिली! आन् एक मादी दिसाला ५ ते १० हजार अंडी घालती." पापणीची ही परीक्षा दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी बसवली. तिच्या कार्डावर लाल ते पांढरे असे ५ रंग असतात. आप्पांच्या खिशात त्या कार्डाची झेरॉक्स असते. काळीपांढरी. पाचही रंग करडे दिसतात, पण आप्पांचं काही अडत नाही.

सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजायचं म्हटलं की ते उसळतात. "जंत औषधाला सरावत्यात! कळपातल्या चार-दोन जनावरांच्याच पोटात निम्म्याच्या वर जंत असत्यात. तेवढी हुडका, तेवढ्यास्नीच पाजा. आफ्रिकेतल्या इम्पाला हरणाच्या पोटात बी ह्याच कुळाचं बिऱ्हाड हाय, पर ते रानभर हिंडतंय. तुमची शेळी एकाच बांधाला चरती, तिथंच लेंड्या टाकती. अळ्या ओल्या गवतावर चढत्यात, परत हिच्याच पोटात!"

संध्याकाळी हे व्याख्यान गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सरकतं. म्हशीची धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस. गिऱ्हाईक पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात आप्पा म्हणतात, "रेडकाला जंत आईच्या दुधातनंच मिळत्यात." गिऱ्हाईक पेला खाली ठेवतं. आप्पा तो उचलून एका दमात संपवतात आणि मिशीवरचा फेस पुसत म्हणतात, "रेडकाला म्हटलं मी. तुमास्नी न्हवं."

स्वतःच्या पैशानं आप्पांनी पेला घेतल्याचं कुणी पाहिलेलं नाही. कट्ट्यावर दहा-बारा जण असतात, आप्पांचे पैसे देणारे तेच दोघं-तिघं. कळपाचा नियम इथंही चुकत नाही. त्यात मी धरून. पण कुणालाही त्यांनी कर्जात घातलेलं नाही. "हिमॉन्कस अडाणी," ते म्हणतात. "धनी मारतोय आन् सोताबी मरतोय. शाणा जंत धन्याला जपतोय."

परवा मी धीर करून विचारलं, "आप्पा, आजचे पण माझ्याकडंच का?"

आप्पांनी माझी पापणी ओढली, दिव्याकडं तोंड फिरवून नीट निरखलं आणि गवळ्याला हाक दिली, "लालभडक हाय गड्या! अजून एक पेला काढ."