१८० रुपयांचं म्यान

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात गेली अकरा वर्षं मी इन्स्पेक्टर आहे. नाटक बदलतं, दिग्दर्शक बदलतो, खुनी तर दरवर्षी बदलतो (सी विंगमधल्या प्रत्येकाला एकदा संधी मिळावी, असा कमिटीचा ठराव आहे), पण शेवटच्या अंकात टॉर्च घेऊन येणारा इन्स्पेक्टर मीच. याचा अभिनयाशी संबंध नाही. ड्रेपरीवाल्याकडची खाकी वर्दी फक्त माझ्या पोटावर बसते.

यंदा वर्दी आली, टोपी आली, पट्टा आला. पिस्तूल ठेवायचं चामडी पाकीट मात्र आलं नाही. ते दुसऱ्या एका मंडळाच्या इन्स्पेक्टरने आधीच नेलं होतं. म्हणून मी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत गेलो. त्या पाकिटाला होल्स्टर म्हणतात, हे तिथे समजलं. चामड्याचं अकराशे रुपये आणि नायलॉनचं अडीचशे. माझा चेहरा बघून दुकानदार स्वतःच १८० वर आला. म्हणाला, ‘‘साब, पॅराशूट का कपडा है. आर्मी क्वालिटी.’’

मी विरघळलो. दुसऱ्या महायुद्धात सैनिक नायलॉनच्या पॅराशूटवर भरवसा टाकून विमानातून उड्या मारत होते, मग मला तर फक्त विंगेतून स्टेजवर यायचं होतं. शिवाय माप ‘युनिव्हर्सल’. कुठलंही पिस्तूल चालेल, डाव्या कमरेला लावा, उजव्या लावा. आहेरातला ब्लाउजपीसही असाच सगळ्यांच्या मापाचा असतो आणि पुढे कोणालाच होत नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

गोवंडी स्टेशनला उतरलो तो होल्स्टर कमरेला लावूनच. भूमिकेची सवय व्हावी म्हणून. देवनारला यायला नेहमी तीन रिक्षावाले नकार देतात. त्या दिवशी पहिल्यानेच मीटर टाकला आणि वाटेत एक शब्दही बोलला नाही. १८० रुपयांपैकी वीस तिथेच वसूल झाले. घरी बायको म्हणाली, ‘‘अहो, ते आधी काढा. तोतया पोलीस म्हणून आत घेतील. आणि मी सोडवायला येणार नाही.’’

पहिल्या तालमीतच पट्ट्यात अडकवायची क्लिप सैल पडली. दुरुस्तीला स्टेशनजवळच्या गटई स्टॉलवर गेलो. मामांनी होल्स्टर उलटंपालटं केलं, आत बोट घालून फोम दाबला, शिवण ओढून बघितली.

‘‘साहेब, देवनारात राहून हे घेतलंत?’’

टोमणा बरोबर होता. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना आमच्या देवनारला आला. धारावीत चामड्याच्या बॅगांची आणि पट्ट्यांची दुकानं ओळीने उभी आहेत. कातड्याच्या इतक्या जवळ राहणारा माणूस कमरेला नायलॉन लावून फिरतो, म्हणजे रत्नागिरीकराने बाटलीतला आमरस आणण्यासारखं.

‘‘कातडं भिजवायचं, पिस्तुलावर दाबून बसवायचं आणि वाळू द्यायचं,’’ मामा समजावू लागले. ‘‘मग ते आकार विसरत नाही. आतली वस्तू काढली तरी तोंड उघडं राहतं. हे काय? हा उशीचा अभ्रा. आत उशी आहे तोवर आकार.’’

त्यांनी आरीने दोन टाके घातले, सुताला मेण लावलं, वीस रुपये घेतले. (रिक्षात वाचलेले वीस इथे गेले.) ‘‘क्लिप धरेल. बाकीचं मी काही करू शकत नाही, त्याच्यात जीवच नाही,’’ असं म्हणून ते पुढच्या चपलेकडे वळले.

दुसरी अडचण आवाजाची. चामड्याच्या होल्स्टरला टिचबटण असतं, टिच् झालं की काम झालं. माझ्या होल्स्टरच्या झाकणाला वेल्क्रो होता. १९४१ साली जॉर्ज द मेस्ट्राल नावाचा एक स्विस इंजिनिअर कुत्रा घेऊन रानात फिरला, कुत्र्याच्या केसांत चिकटलेली कुसळं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि त्यातून वेल्क्रो निघाला. आमच्याकडे गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा तोडणारा प्रत्येक जण धोतराला, साडीला ही कुसळं चिकटवून घरी येत आला आहे. आपण ती उपटून फेकत राहिलो. फक्त आघाडा धोतरावरून काढताना आवाज होत नाही. वेल्क्रो मात्र चर्रर्र करतो, आणि आमच्या माइकवाल्याने माझ्या माइकचा डबा कमरेला, बरोब्बर त्याच्याशेजारी लावला होता. दिग्दर्शक म्हणाले, झाकण उघडंच ठेवून या.

तरीही पिस्तूल उपसणं जमलं. ते पिस्तूल म्हणजे पुतण्याचं दिवाळीतलं टिकल्यांचं, मुळातच हलकं. होल्स्टर कसलं आहे, हे कळलं ते पिस्तूल परत ठेवताना.

प्रयोगात खुनी हा माझाच धाकटा भाऊ. मी त्याच्यावर पिस्तूल रोखतो, आई मध्ये येते. लेखकाने पुढे कंसात लिहिलं होतं: ‘पिस्तूल शांतपणे म्यान करतो.’ चार शब्द. मग आईच्या डोळ्यांत बघत माझं दीड पानी भाषण, कायदा मोठा की कूस मोठी यावर.

पिस्तूल बाहेर येताच होल्स्टरचं तोंड मिटलं. मी आईच्या डोळ्यांत बघत नळी खाली नेली. ती कमरेवर टोचली. थोडी पुढे नेली, पोटावर टोचली. ‘‘आई, मी वर्दी चढवली तेव्हाच...’’ टोच. ‘‘...नात्यांची होळी केली होती...’’ टोच. उजव्या हाताने मी कंबर खणत होतो आणि डावा हात, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, आकाशाकडे होता. तो खाली आणला असता तर तोंड धरता आलं असतं, पण दिग्दर्शकांनी तो अख्खं भाषणभर वर ठेवायला सांगितला होता. शेवटी एक टिकली आत राहिली होती, ती फुटली. आईचं काम करणाऱ्या ए विंगच्या वहिनी दचकल्या आणि ‘अगं बाई’ म्हणाल्या. खुनी धाकटा भाऊ पुढे आला, त्याने बेड्या घातलेल्या हातांनी होल्स्टरचं तोंड फाकून धरलं आणि म्हणाला, ‘‘दादा, घाल.’’

संध्याकाळचा पहिला कडकडाट त्याला मिळाला. बक्षीसही.

उत्सवानंतर मी होल्स्टर कचऱ्यात टाकायला निघालो. ओला की सुका, इथपासून विचार. सुका. जाणार कुठे, तर कदाचित आमच्याच डम्पिंग ग्राउंडवर. १९२७ पासून मुंबई तिथे नको ते आणून ओतते आहे. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला होता, तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि आम्ही खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलो होतो. चामडं निदान कुजतं. हे नायलॉन कमरेवर चार तालमीही धड उभं राहिलं नाही, पण तिथे माझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत ताठ मानेने टिकेल. डब्याशी हात थांबला.

‘‘द्या इकडे,’’ बायको म्हणाली आणि तिने ते ओट्याशेजारच्या खिळ्याला लटकवलं. त्यात आता गॅसचा लायटर असतो. मापाला अगदी फिट. सकाळी सहाला स्वयंपाकघरातून चर्रर्र ऐकू येतं, मग खटक् खटक्, मग आधणाचा आवाज. मी पांघरूण डोक्यावर ओढतो, पण उपयोग नसतो, कारण पाठोपाठ हाक येते:

‘‘अहो, जरा येता का? एका हातात दूध आहे. याचं तोंड धरा.’’