हात लावला की हलवायचं

शेवगावात दोन ज्युनियर पोरं बुद्धिबळाच्या पटावर समोरासमोर आली की खरा डाव हॉलच्या बाहेर रंगतो. आत ती दोघं हात मिळवून, तोंड मिटून, एकेक चाल कागदावर लिहीत बसतात. पालकांना आत मज्जाव. म्हणून उंट कुठं न्यायचा ते वडील खिडकीतून भुवयांनी सांगतात. आपल्याच नगर जिल्ह्यातला शार्दूल गागरे 2016 साली ग्रँडमास्टर झाला, नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकून झाली, मग आपलं कार्टं का नाही? मधली वर्षानुवर्षांची घासाघीस तेवढी कार्ट्याने करायची.

पोरांचा एक नियम मात्र तालुक्याला झेपायचा नाही. मोहऱ्याला हात लावला की तोच हलवायचा आणि केलेली चाल मागं घ्यायची नाही. बाजार समितीच्या निवडणुकीला हा लावून बघा! अर्ज माघारीचा दिवस सुतकात जाईल. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं म्हणे. इकडे ते पोचेपर्यंत त्या घरात वजिराचा पुतण्या सतरंजी टाकून बसलेला असतो.