कामचुकार धावपटूचं गुणगान

भरतीची तयारी करताना आठवड्यातला एक दिवस मुद्दाम न पळणाऱ्या पोराला धाराशिव जिल्ह्यात एकच पदवी मिळते: कामचुकार. घरचे, गल्लीतले, अकॅडमीतले सोबती, सगळ्यांचं यावर एकमत असतं. पण या पदवीधराचे गुण कुणी नीट मोजलेले नाहीत. मोजले, तर त्याचा सत्कारच करावा लागेल.

पहिला गुण, त्याला हिशोब येतो. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण मुलांना 1600 मीटरचे, मुलींना 800 मीटरचे. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं की 20 पैकी 20. हे गुण एकाच दिवशी, एकाच धावेचे मिळतात. वर्षभर रोज किती राउंड मारलेस, हे तिथं कुणी विचारत नाही. त्या दिवशी पाय धड असावे लागतात.

दुसरा गुण, त्याला हाडाचं मन कळतं. धावणं वाढलं की नडगीत दुरुस्ती सुरू होते. शरीर आधी जुनं हाड काढतं, मग नवं भरतं. काढायला आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड कच्चं असतं. नेमका याच काळात नवख्याचा दम वाढतो, टायमिंग सुधारतं आणि त्याला दोन्ही वेळा पळावंसं वाटतं. छातीला जे जमू लागलेलं असतं, ते नडगीला अजून जमत नसतं. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरानं सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे क्ष-किरण आले, तेव्हा ती हाडाला गेलेली बारीक चीर असल्याचं कळलं. अशीच चीर रोज पळणाऱ्या पोरांच्या नडगीला जाते आणि भरतीच्या तोंडावर दोन-दोन महिने घरी बसवते.

तिसरा गुण धीर. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं नाव घेऊन आपल्याकडे पोरांना पळवतात. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचा राष्ट्रीय विक्रम 2018 मध्ये 8 मिनिटं 29.80 सेकंदांचा होता, 2024 मध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा. वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं लागली. भरतीची तारीख लागल्यावर पंधरा दिवसांत टायमिंग पाडायला निघणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

चौथा गुण भक्ती. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा, आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण उतरावा म्हणून ही शेवटची झोप, अशी श्रद्धा आहे. जी देवी लढण्याचं बळ देते, तीच लढाईनंतर निजते. हा कामचुकार तिचाच भक्त.

त्याचा नेम साधा आहे. नव्यानं पळायला लागल्यावर आठवड्यातून तीन-चार दिवसच पळायचं. जोराच्या दिवसानंतर हलका दिवस, आणि एक दिवस पूर्ण आराम. नडगीवर बोटानं दाबताच एकाच जागी कळ आली तर ग्राउंड बंद आणि थेट डॉक्टर. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद लागत असेल, झोप उडाली असेल, मेहनत वाढूनही टायमिंग घसरत असेल, तर शरीर सुट्टी मागतंय. पळायला लागल्यापासून मुलीची पाळी चुकू लागली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. बहुतेकदा पळणं वाढलेलं असतं आणि ताटातलं अन्न तेवढंच राहिलेलं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जू उतरवून बैलांचे खांदे चोळणाऱ्या घरांना हे अवघड जाऊ नये. आई-वडिलांनो, अकॅडमीच्या सरांनो, सुट्टीच्या दिवशी पोरगं झोपलेलं दिसलं तर त्याला उठवू नका. आणि पोरांनो, कुणी कामचुकार म्हणालं तर म्हणू द्या. तो दिवसही सरावाच्या वहीत लिहा, कारण तोही सरावच आहे.