पगार झाकला की अन्यायही झाकतो

मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईतली जुनी जहाज कंपनी. ऑड्री डिकॉस्टा तिथं बड्या साहेबांच्या स्टेनो होत्या. काम तेच, शॉर्टहँड आणि टायपिंग. पण पुरुष स्टेनोंची पगारश्रेणी वरची, बायकांची खालची. 1977 मध्ये नोकरी संपली तेव्हा त्यांनी 1976 च्या समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली.

कंपनी म्हणाली, साहेबांच्या स्टेनोंमध्ये पुरुष नाहीच, मग तुलना कुणाशी करता? शिवाय श्रेणी युनियनशी झालेल्या करारातली आहे. शिवाय आम्हाला परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 26 मार्च 1987 रोजी तिन्ही सबबी फेटाळल्या. त्या जागेवर पुरुष नव्हते, कारण कंपनीनंच ते नेमले नव्हते! आणि परवडत नाही म्हणून बाईला कमी पगार देण्याची सोय या कायद्यात नाही, हेही न्यायालयानं ठणकावलं. वादाची रक्कम किती? 7,196 रुपये 67 पैसे. त्यासाठी दहा वर्षं कोर्टकचेऱ्या.

तरी त्यांच्या हातात एक गोष्ट होती. दोन्ही श्रेण्या करारात लिहिलेल्या होत्या, फरक कागदावर दिसत होता. आजच्या खासगी कंपनीतल्या मुलीकडे काय आहे? नेमणूकपत्रातच अट असते : आपला पगार सहकाऱ्यांना सांगू नये. शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतात हेच कळत नसेल, तर दाद कशाच्या जोरावर मागायची? ही अट गोपनीयतेसाठी नाही, पुरावा दडवण्यासाठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बढतीचं दुखणं तर याहून अवघड. बढती, प्रशिक्षण आणि बदलीतही भेदभाव नको, असे शब्द 1987 च्या दुरुस्तीनं जुन्या कायद्यात आले. त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेत नुसतं 'नोकरीच्या अटी' एवढंच उरलं. बढती त्यात मोडते, असं वकील सांगतील. पण ते सिद्ध करायला पुन्हा एखादीनं कोर्टाच्या पायऱ्या का झिजवायच्या?

सरकारनं ते तीन शब्द परत घालावेत. पगार सांगण्यावर बंदी घालणारी अट बेकायदा ठरवावी. आणि प्रत्येक मोठ्या कंपनीला हुद्द्यानुसार स्त्री-पुरुषांचे पगार दरवर्षी जाहीर करायला लावावेत.