माननीय ११.७ साहेबांना पहूरहून खुले पत्र

प्रति,
मा. श्री. ११.७ साहेब,
कमाल मर्यादा (अर्धनिवृत्त), कॉलेज बेसबॉल, अमेरिका.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, १ जुलै २०२५ पासून आपण बऱ्याच ठिकाणचा कार्यभार सोडल्याचं कळलं. तीसेक वर्षं तिथल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांचं बेसबॉल आपण एकहाती आवरून धरलंत. बरीच वर्षं संघात पोरं पस्तीस आणि शिष्यवृत्त्या ११.७! आपल्या जन्माची हकिगत तर आम्हाला फारच आवडली. आधी शिष्यवृत्त्या १३ होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दहा टक्के काटकसरीची टूम निघाली, तेरातून १.३ वजा झाले आणि आपण उरलात. आपल्याला ठरवताना कुणी एकाही खेळाडूचं तोंड पाहिलं नव्हतं. इतका निर्मळ कारभार आम्हाला मंत्रालयाबाहेर पहिल्यांदाच दिसला.

आपली वाटणीही चोख होती. बरीच वर्षं घेणारे जास्तीत जास्त २७, आणि प्रत्येकाला निदान पाव शिष्यवृत्ती. सत्तावीस पाव म्हणजे पावणेसात. उरल्या जेमतेम पाच, त्यावर पिचर, कॅचर आणि शॉर्टस्टॉप यांची ओढाताण. सरासरी माणशी ४३ टक्के. बाकीची आठ पोरं पदरची फी भरून खेळणार. शेजारच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या ८५ पोरांना ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या, पण तिकडे बघायचं नाही. त्यांची तिकिटं खपतात. थोडक्यात, ज्याच्या बापाकडे उरलेले ५७ टक्के आहेत, त्याच्याच हाताला गुण. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय!

आता ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि सामील झालेल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीवरची मर्यादा गेली. मर्यादा आता संघावर आली: पोरं ३४. त्या सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. ‘देता येते’ म्हणालो, ‘द्यावी लागते’ नाही. हा बारकावा आम्हाला शिकवायला नको, आमचा जन्म शासन निर्णय वाचण्यात गेला आहे. ज्यांची तिजोरी भरलेली, ते देतील. जी कॉलेजं सामीलच झाली नाहीत, तिथे आपल्याला मुदतवाढ आहेच. कडेला बसून संधीची वाट बघणारं पोरगं मात्र चौतिसात बसलं नाही, तर घरी. आधी पैसा कमी होता, आता जागा कमी. न्याय झाला, असं वकील सांगतात.

तरी आपला मोकळा वेळ वाया जाऊ नये म्हणून आपल्याला पहूरचं आमंत्रण. मुक्काम पहूर, तालुका जामनेर, जिल्हा जळगाव. अजिंठ्याकडे जाणारे पर्यटक आमच्या बसस्टँडवरूनच जातात, थांबत नाहीत. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी थांबायची. ती २०२० मध्ये बंद झाली, आता मोठी येणार म्हणतात. बेसबॉल इथे कुठून, असं म्हणू नका. शालेय स्पर्धांच्या यादीत आहे, विद्यापीठाच्या यादीत आहे. राज्याचं क्रीडा खातंही २०२२-२३ मध्ये आमच्या जामनेरच्या आमदारांकडे होतं. कमी आहे ती फक्त ग्लोव्हची.

म्हणजे असं बघा. डाव बदलला की आमची पोरं ग्लोव्ह काढून आपापल्या जागेवर मैदानातच ठेवतात, कारण समोरून येणाऱ्या संघाला तेच घालायचे असतात. आतून घामाने ओले, करंगळीपाशी शिवण सुटलेली, तिथे चपलेच्या दुकानातून मारून आणलेला टाका. डावखुऱ्या पोराला तर ग्लोव्ह मिळतो तो उजव्यांचाच. तो चेंडू अडवतो, ग्लोव्ह काखेत दाबून हात बाहेर ओढतो, चेंडू काढतो आणि मग डाव्याने फेकतो. तोवर समोरचा पळून पहिल्या बेसवर पोचून कपडे झटकत असतो. मार्गदर्शक ओरडतात, “हात चालव ना भो!” पोरगं कोणता हात चालवणार?

शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर आमची पद्धत आपल्यापेक्षा पुढारलेली आहे. आम्ही तुकडे करतच नाही. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ गुण, पण स्पर्धा खेळून झाल्यावर. राष्ट्रीय शालेय स्पर्धेतल्या पदकाला शासनाचे पैसे, पण पदक आणल्यावर. सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण, पण प्रमाणपत्राची पडताळणी झाल्यावर. सगळं ‘झाल्यावर’. होण्याआधी जे लागतं, म्हणजे बूट, ग्लोव्ह, जळगावला सरावाला जायचं एसटीचं भाडं आणि दुपारची भूक, ते खेळाडूने हौस म्हणून सोसायचं.

त्यातून पोरंही शहाणी झाली. ज्या खेळात संघ कमी, त्यात राज्य पातळी जवळ, हा हिशेब पालकांना पाठ आहे. काहींनी तर मैदानाचा फेराही वाचवला आणि सरळ प्रमाणपत्रच आणलं. बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, तेव्हापासून खऱ्या खेळाडूच्या कागदाकडेही संशयाने बघतात. खेळाला काही द्यायचं नाही आणि खेळाच्या कागदाला सगळं द्यायचं, मग कागदाचाच खेळ होणार.

आपल्याकडेही आमच्या देशाची आठवण लॉटरीसारखीच असेल. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यावर सिनेमाही निघाला. छान झालं. पण ते दोघं बेसबॉल शिकून निवडले गेले नव्हते. निवडले गेले म्हणून त्यांना शिकवलं. सगळ्या गावांना पुरेल अशी ही योजना नव्हे.

साहेब, आपल्यावर आमचा राग नाही. आपण कंजूष होतात, पण जे दिलंत ते पोराला मैदानात उतरण्याआधी दिलंत. पाव असली तरी आगाऊ. आमच्याकडे उदारपणा खूप, पण तो उशिरा येतो, आणि तोवर टिकतात ती घरचं बरं असलेलीच पोरं. तिकडे ५७ टक्क्यांनी गाळली, इकडे वाट बघायला लावून गाळली. चाळणी एकच.

म्हणून एक विनंती. आपले ते ११ तिकडेच असू द्या. वरचा दशांश सात जळगाव जिल्ह्याला पाठवा. अमेरिकेतल्या एका पोराची जवळपास पाऊण फी ती. आमच्या कितीतरी पोरांचे ग्लोव्ह, बूट आणि वर्षाचे एसटी पास त्यात सहज निघतील. त्यात डाव्या हाताने फेकणाऱ्यांचे ग्लोव्ह आठवणीने घाला.

पैसे हंगामाच्या आधी यावेत. अर्जासोबत प्रमाणपत्र जोडलेलं नाही, कारण ते मिळवायलाच पैसे मागतो आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बेसबॉल खेळणाऱ्या पोराचा बाप,
पहूर