सैतान नको, राधा पुरे

हल्ली गल्लीबोळांत हेवी मेटलचे बँड निघतात, आणि प्रत्येकाला एकच काळजी असते: पहिला अल्बम वादग्रस्त कसा होईल? गाणी काय, नंतरही बसवता येतात. आधी कुणाच्या तरी भावना दुखावल्या पाहिजेत. पोरं बिचारी कव्हरवर कवट्या काढतात, गायक घसा फाडून किंचाळतो, आणि शेजारच्या काकू खिडकीतून "आवाज कमी करा रे" एवढंच म्हणतात. सगळ्या मेहनतीवर पाणी!

या मंडळींचा आदर्श म्हणजे आयर्न मेडन. १९८२ साली त्यांचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' आला, कव्हरवर साक्षात सैतान. अमेरिकेतल्या धर्मनिष्ठांनी रेकॉर्डींच्या होळ्या पेटवल्या. काहींनी तर, जळत्या रेकॉर्डीचा धूर छातीत जायला नको म्हणून, त्या हातोड्याने फोडल्या म्हणे. धर्म सांभाळावा, पण फुप्फुसंही सांभाळावीत. इकडे इंग्लंडात अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर.

पण वाद पेटवायला सैतानाला कामाला लावायची गरज नव्हती. कर्नाटक संगीतातल्या गायिका बंगळूर नागरत्नम्मांना विचारायचं. या बाईंनी १९१० साली जे प्रकाशित केलं त्यात कवटी नव्हती, सैतान नव्हता, गिटार तर नव्हतीच. राधा होती, कृष्ण होता, आणि ५८४ तेलुगू पद्यं होती. मद्रास सरकारला घाम फुटायला तेवढं पुरलं.

पुस्तकाचं नाव 'राधिका सांत्वनमु'. लिहिणारी मुद्दुपळणी, तंजावरच्या दरबारातली गणिका. दरबार कुणाचा? आपल्याच भोसल्यांचा; १७३९ ते १७६३ गादीवर असलेल्या प्रतापसिंहांचा. (तंजावरचं नाव निघालं की मराठी माणूस सांबाराचा शोध आपणच लावल्याचं सांगून मोकळा होतो. मुद्दुपळणीचं नाव काढा, विषय बदलतो.) तिची राधा स्वतःच भाचीचं कृष्णाशी लग्न लावून देते, मग मत्सराने जळते, रुसते, आणि तिची समजूत काढता काढता देवाच्या नाकी नऊ येतात. शृंगार भरपूर, आणि त्यात पुढाकार बाईचा. दरबारात मुद्दुपळणीचं कौतुक झालं, कुणाचा धर्म बुडाला नाही.

धर्म बुडायला सुधारणेचा काळ उजाडावा लागला. विधवाविवाहासाठी आयुष्य वेचणाऱ्या कंदुकूरी वीरेशलिंगम यांना हे काव्य वाचून शिसारी आली: असले शब्द बाईच्या कानांवर पडू नयेत, तोंडून निघणं तर दूरच. नागरत्नम्मांच्या हाती आलेली जुनी छापील प्रतही सोवळी करून घेतलेली होती. पद्यं गाळलेली, कवयित्री गणिका होती हेही गाळलेलं. बाईंनी हस्तलिखित मिळवलं, गाळलेलं सगळं परत घातलं आणि प्रस्तावनेत विचारलं की लाज काय ती बायकांनीच बाळगायची, पुरुषांना ती नसते का? वर वीरेशलिंगमांनाच सुनावलं की आपण स्वतः याहून हिरवं साहित्य चालवून घेतलं आहे. पोलिसांनी प्रती जप्त केल्या, बंदी आली. ती उठली १९४७ साली. इंग्रज जायला निघाला तेव्हाच राधेचा रुसवा काढायला सवड झाली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या नागरत्नम्मा कसल्या! तिरुवैयारूला कावेरीकाठी संत-संगीतकार त्यागराजांची समाधी पडझड होऊन पडली आहे, असं १९२१ साली त्यांना कळलं. हे त्यागराज म्हणजे, दंतकथा खरी मानायची तर, आपल्या तंजावरच्या सरफोजीराजांचं बोलावणं धुडकावणारे. आजच्या भाषेत मोठ्या कंपनीचा करार नाकारणारे. बाईंनी जागा घेतली, दागिने विकले आणि मंदिर उभं केलं.

आता मंदिर आहे तिथे मंडळ आलं, आणि मंडळ आहे तिथे फूट. त्यागराजांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या आराधनेच्या उत्सवात आधीपासूनच दोन तट होते, पेरिय कच्चि आणि चिन्न कच्चि, म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांचे वेगवेगळे उत्सव. गणपती मंडळाच्या वर्गणीवरून बोलणं टाकलेल्या पुणेकरांनाही इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. या दोघांचं कशावरही एकमत होत नसे, एक मुद्दा सोडून: समाधीपुढे बायकांनी गायचं नाही. म्हणजे जिने दागिने मोडून देऊळ बांधलं तिने बाहेर बसून ऐकायचं. बाईंनी तिसरी पाती काढली, बायकांची, आणि समाधीच्या मागच्या बाजूला गाणं सुरू केलं.

अखेर १९४० च्या सुमारास तिन्ही पात्या एक झाल्या. आज पौष वद्य पंचमीला सकाळी तिथे जाऊन पाहा. मधली वाट मोकळी सोडून शेकडो गायक-गायिका समोरासमोर मांडी घालून बसलेले, रांगेने मृदंग, आणि नाट रागापासून श्री रागापर्यंत त्यागराजांच्या पाचही पंचरत्न कृती एका दमात. अँप्लिफायर बंद केला तरी मेटलवाल्यांनी कानांत कापूस घालावा असा नाद. ताल मांडीवर, मान मात्र थेट मेटलच्या मैफलीसारखी हलते. बायका भर सभेत, मोठ्याने गातात. नागरत्नम्मांची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे. ती कुणाच्या परवानगीने बांधली, यावर दोन पात्या अजून कशा पडल्या नाहीत, याचंच नवल.